धम्मस्थळांची सहल : आपली वाट आपणच आखावी
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला आहे तो असा की, परभणी जिल्ह्यातून सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर, लुंबिनी, सांची या स्थळांची सहल रेल्वेने कशी काढावी. आम्ही काही विद्वान नाही. गिरणीतली पाळी संपल्यावर जे वाचलं आणि तिकिटाच्या खिडकीवर रांगेत उभं राहून जे शिकलो, तेवढंच आमच्याजवळ आहे. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

कुणी म्हणेल, वर्धापनदिनाला सहलीचं भाषण कशाला? बांधवांनो, आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. त्या म्हणतात, "नागपूर पाह्यलं, दादर पाह्यलं, आता बुद्धाचं गाव कवा दाखवता?" जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं, कापूस वेचला, आणि पंचशील तर रोज म्हटलं. पण ज्या ठिकाणी भगवान बुद्धांनी पाच भिक्खूंना पहिला उपदेश केला ते ठिकाण डोळ्यांनी पाहिलं नाही. दरवर्षी यातली एक-दोन माणसं आपल्यातून जातात. म्हणून हा विषय करमणुकीचा नाही. वेळेत करायच्या कामाचा आहे.

रेल्वे आपल्याला नवी नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी, या दोन वाटा आपल्या समाजाला पाठ आहेत. भाकरी बांधायची, लेकरू कडेवर घ्यायचं, गाडीत शिरायचं. तिथं लाखो माणसं असतात, आपलीच असतात, कुणी ना कुणी सांभाळून घेतं. पण पंधरा दिवसांची, पाच-सहा गावं जोडणारी वाट अशी चालता येत नाही. तिथं दिवस, गाडी, मुक्काम आणि पैसा, चारही गोष्टी आधी कागदावर याव्या लागतात.

आपल्या लोकांनी प्रवास आखणं ही गोष्ट पूर्वी किती अवघड होती, हे परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. 'वेटिंग फॉर ए व्हिसा' या त्यांच्या छोट्या आत्मकथनात दोन प्रवास आहेत, ते प्रत्येकानं वाचावेत. पहिला १९०१ सालचा. लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून रेल्वेनं मसूर स्टेशनला उतरली. खटाव तालुक्यात नोकरीला असलेल्या वडिलांना भेटायचं होतं. येतो म्हणून पत्र आधीच धाडलं होतं. पण शिपायानं ते पत्र वडिलांना दिलंच नाही, त्यामुळं न्यायला कुणी आलं नाही. अंगावर चांगले कपडे पाहून स्टेशन मास्तर आपुलकीनं बोलायला लागला, पण जात कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवान बैलगाडी द्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन मुलांनीच गाडी हाकली आणि गाडीवान बाजूनं चालला. डबा जवळ होता, पण पाणी कुणी दिलं नाही. लेकरं रात्रभर उपाशी राहिली.

दुसरा प्रवास १९३४ सालचा आणि तो आपल्या मराठवाड्यातला आहे. बाबासाहेब आणि चळवळीतले सुमारे तीस कार्यकर्ते सहलीला निघाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचं ठरलं होतं. नाशिकला जमून औरंगाबादकडे निघाले, वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराशी पाण्यानं भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीनं माखलेल्या मंडळींनी हातपाय-तोंड धुतलं, आणि पाणी बाटलं म्हणून आरडाओरड सुरू झाली. अखेर आत जाऊ दिलं, पण आत कुठंही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर. आणि पाळतीला हत्यारी शिपाई दिला. आपली परभणी-मनमाड गाडी आज त्याच दौलताबादवरून जाते. खिडकीतून किल्ला दिसला की लेकरांना ही गोष्ट सांगत जा.

आणि तिसरा प्रवास १९५६ चा. १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा दिली. प्रकृती पार खालावली होती, तरी बाबासाहेब नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. त्याच दौऱ्यात त्यांनी सारनाथ आणि कुशीनगर पाहिलं. दिल्लीला परतले आणि ६ डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. अंगात त्राण नसताना त्यांनी ही स्थळं पाहिली. आपण धडधाकट असून "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो.

आता वाट सांगतो. आमची ही लाईन पूर्वी छोटी होती, मनमाडला उतरून मोठ्या गाडीत बसावं लागे. १९९० च्या दशकात ती मोठी झाली. तरी वाराणसीकडे जायला आपल्याला मनमाड सोयीचं, कारण मुंबईहून निघणाऱ्या महानगरी, काशी अशा गाड्या तिथं मिळतात. त्या भुसावळ, इटारसी, जबलपूर, सतना, प्रयागराज करत वाराणसीला नेतात. येताना मात्र त्याच वाटेनं येऊ नये. गोरखपूरहून मुंबईला येणारी कुशीनगर एक्सप्रेस लखनौ, झाशी, भोपाळ, भुसावळ, मनमाड अशी येते. म्हणजे एका वाटेनं जायचं, दुसरीनं यायचं, आणि मध्ये भोपाळला उतरून सांची पाहायची. गोल पूर्ण होतो आणि इटारसी ते परभणी एवढीच वाट दोनदा चालावी लागते.

दिवसांचा हिशेब असा. पहिला दिवस परभणी ते मनमाड, दुसरा दिवस गाडीत. तिसरा-चौथा वाराणसी आणि सारनाथ. सारनाथ वाराणसीपासून दहाएक किलोमीटर. धमेक स्तूप पाहावा, १९३१ साली उभारलेलं मूलगंधकुटी विहार पाहावं, आणि आपल्या देशाची राजमुद्रा झालेला अशोकाचा सिंहस्तंभाचा माथा तिथल्या संग्रहालयात पाहावा. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून सारनाथला शुक्रवार येणार नाही असाच निघायचा वार धरावा. एवढी एक गोष्ट विसरली तर हजार किलोमीटर जाऊन दारावरून परत यावं लागतं.

पाचव्या दिवशी रेल्वेनं गया. तिथून बुद्धगया दहा-पंधरा किलोमीटर. तिथं तीन मुक्काम ठेवावेत. सहावा दिवस महाबोधी विहारासाठी. सातव्या दिवशी गाडी ठरवून राजगीर आणि नालंदा पाहून रात्री परत यावं. गृध्रकूट डोंगर चढायचा असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी पायथ्याशी थांबावं, त्यात कमीपणा नाही. आठव्या दिवशी पाटणा, नवव्या दिवशी वैशाली पाहून रात्री हाजीपूरहून गोरखपूरची गाडी धरावी. वैशालीचा संबंध भिक्खुणी संघाशी आहे. महाप्रजापती गौतमी आणि तिच्याबरोबरच्या स्त्रियांना प्रव्रज्येची परवानगी मिळाली ती तिथं. महिला मंडळानं वैशाली वगळू नये, अशी आमची खास विनंती आहे.

दहाव्या दिवशी कुशीनगर. गोरखपूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिथं भगवंतांची महापरिनिर्वाण मुद्रेतली सुमारे वीस फूट लांबीची मूर्ती आहे, आणि जवळच रामाभार स्तूप, जिथं अंत्यसंस्कार झाले. अकराव्या दिवशी गोरखपूरहून नौतनवा, तिथून सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळमध्ये लुंबिनी. भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही, पण मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ पाहिजे. आधार कार्डावर विसंबून कुणी निघू नये. लुंबिनीत १८९६ साली सापडलेला अशोकाचा स्तंभ आहे. त्यावर लिहिलं आहे की राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथं आला, आणि बुद्धांचा जन्म इथं झाला म्हणून त्यानं या गावाचा कर माफ केला व धान्याचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला. राजानं फुलं वाहिली आणि कुळांचं ओझंही कमी केलं. हे कष्टकऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बाराव्या दिवशी गोरखपूरला परत येऊन संध्याकाळची गाडी. तेराव्या दिवशी भोपाळ, चौदाव्या दिवशी सांची पाहून रात्री गाडी, आणि पंधराव्या दिवशी मनमाडमार्गे परभणी. सांचीला स्तूप तर आहेच, पण सारिपुत्त आणि महामोग्गलान या दोन अग्रश्रावकांच्या अस्थी इंग्रजांनी विलायतेला नेल्या होत्या, त्या परत आणून १९५२ साली तिथल्या नव्या विहारात ठेवल्या, हेही पाहायचं.

आता निघावं कधी? हा प्रश्न शहरातल्या नोकरदाराला सोपा वाटतो. आपल्याकडं तो सर्वात अवघड. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली माणसं गावात नसतात. तेव्हाच कापसाची वेचणी चालू असते. छठ सणाच्या आधी बिहारकडं जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबर-जानेवारीत तिकडं धुकं पडतं आणि गाड्या तासन् तास उशिरा धावतात. वैशाख पौर्णिमेला जावं ही सर्वांची इच्छा, पण त्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना फिरवणं बरं नव्हे. आमच्या मते फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा त्यातल्या त्यात बरा. हरभऱ्याची काढणी आड येते हे खरं. सर्वांना सोयीचा महिना नाहीच. म्हणून तारीख समितीनं ठरवू नये, ज्यांना जायचं आहे त्यांच्या बैठकीत ठरावी.

तिकिटाचं सांगतो. आरक्षण पूर्वी चार महिने आधी होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे फेब्रुवारीत निघायचं तर डिसेंबरात सकाळी आठच्या आधी खिडकीवर माणूस उभा पाहिजे. आणि प्रत्येक गाडीची तारीख वेगळी, म्हणून प्रत्येक आरक्षणाचा दिवसही वेगळा. हे दिवस विहारातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईनं लिहून ठेवावेत. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढता येत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवावं.

ज्या स्टेशनावरून निघालो तिथंच परत यायचं असेल तर रेल्वे सर्क्युलर तिकीट देते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. आपल्या वाटेत वाराणसी, गया, पाटणा, गोरखपूर, भोपाळ अशी पाचच मोठी उतरण्याची ठिकाणं आहेत, म्हणजे नियमात बसतं. अंतर वाढेल तसा रेल्वेचा किलोमीटरचा दर उतरत जातो, म्हणून तुकड्यातुकड्यानं तिकिटं काढण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. आरक्षणाचा आकार प्रत्येक गाडीला वेगळा द्यावा लागतो. हे तिकीट मोबाईलवर निघत नाही. पूर्ण मार्ग लिहून रेल्वेच्या विभागीय वाणिज्य कार्यालयाकडं अर्ज करावा लागतो, आणि आपला विभाग नांदेड. म्हणून अर्ज दोन-अडीच महिने आधीच द्यावा.

एका फॉर्मवर सहा जणांचीच नावं बसतात. इथं एक बारकावा आहे. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बाया यांना खालच्या बर्थचा कोटा असतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोघंच आणि दोघंही त्या वयाचे असतील तर. आजीला सहा जणांच्या फॉर्मवर घातलं तर तो कोटा मिळत नाही, आणि मग आजी वरच्या बर्थखाली रात्रभर बसून राहते. समजा आपण चोवीस जण आहोत आणि त्यात सहा म्हातारी माणसं. त्या सहांचे दोन-दोनचे तीन फॉर्म करावेत, बाकी अठरांचे सहा-सहाचे तीन. ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात सवलत होती, ती २० मार्च २०२० पासून बंद झाली आणि अजून सुरू झालेली नाही. त्याचा मार सर्वांत जास्त आपल्यासारख्यांना बसतो. त्यासाठी निवेदनं देत राहावीत, पण त्याची वाट पाहत सहल थांबवू नये.

सरकारच्याही गाड्या आहेत. २००७ साली महापरिनिर्वाण एक्सप्रेस सुरू झाली. १४ एप्रिल २०२३ ला बाबासाहेबांच्या नावानं महू, नागपूर, सांची, सारनाथ, गया, राजगीर, नालंदा दाखवणारी गाडी दिल्लीहून सोडली. चांगली गोष्ट आहे. पण दिल्लीहून सुटणाऱ्या गाडीत बसायला परभणीच्या माणसाला आधी दिल्ली गाठावी लागते, आणि ते भाडं रोजंदारीच्या खिशाला पेलत नाही. म्हणून आपली वाट आपणच आखावी.

पैशाचं बघा. उदाहरण म्हणून सांगतो, माणशी महिन्याला ५०० रुपये धरले तर चोवीस महिन्यांत १२,००० होतात. चोवीस जणांचे २ लाख ८८ हजार. हा पैसा कुणाच्या घरी ठेवू नये. बँकेत खातं काढावं, दोन सह्या असाव्यात, त्यातली एक महिला मंडळाची. दर पौर्णिमेला हिशेब विहाराच्या फळ्यावर लिहावा. कुणाला मध्येच सोडावं लागलं तर त्याचे पैसे पुरते परत द्यावेत. आणि चोवीसमध्ये दोन जागा अशा म्हाताऱ्यांसाठी ठेवाव्यात, ज्यांच्याजवळ जमीन नाही, कमावता मुलगा नाही. बाकी बावीस जणांनी महिन्याला ५० रुपये जादा टाकले तर ११०० होतात. त्या दोघांचे हजार निघतात आणि शंभर औषधपाण्याला उरतात. दान यालाच म्हणतात. त्यासाठी पावती पुस्तक घेऊन गावभर फिरायची गरज नाही.

मुक्कामासाठी सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर, लुंबिनी इथं निरनिराळ्या देशांची विहारं आहेत. महिना-दीड महिना आधी विहाराच्या लेटरहेडवर पत्र लिहावं, बाया किती, पुरुष किती, दिवस कोणते. आणि मसूर स्टेशनवरची ती लेकरं आठवावीत. पत्र धाडलं म्हणजे पोचलं असं नव्हे, पोचलं म्हणजे हातात पडलं असं नव्हे. उत्तर आल्याशिवाय ती जागा पक्की धरू नये, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात फोन करावा. आजही एखाद्या लॉजवर आडनाव विचारून मग "खोली नाही" म्हणणारा माणूस भेटतो. चोवीस जणांना, त्यात रात्री दहा वाजता, तशा माणसाच्या दारात उभं करू नये.

सहा-सहा जणांचा गट, प्रत्येक गटाला एक प्रमुख, आणि प्रमुखांत निम्म्या बाया. गाडीत चढताना-उतरताना प्रमुखानं मोजदाद करावी. महाबोधी विहारात मोबाईल आत नेऊ देत नाहीत, म्हणून चुकामूक झाली तर भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवावी. प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी असावी : नाव, गाव, मुक्कामाचं विहार, गटप्रमुखाचा नंबर, चालू असलेली गोळी. हिंदी न बोलता येणाऱ्या आजीला ही चिठ्ठीच घरी आणते.

आता सर्वांत महत्त्वाचं. आपण कशासाठी जातो? जन्म, संबोधी, पहिला उपदेश आणि महापरिनिर्वाण या चार ठिकाणांचा उल्लेख महापरिनिब्बान सुत्तात आहे, श्रद्धावानानं ती पाहावीत असं तिथं सांगितलं आहे. पण तिथली माती कपाळाला लावली की पाप फिटतं, असं समजून जाणाऱ्यानं घरी बसलेलं बरं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसानं तिथं जाऊन गंडेदोरे आणू नयेत. म्हणून निघण्यापूर्वी तीन महिने, दर रविवारी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन ठेवावं. ज्या स्थळी जायचं त्याचा भाग वाचावा. वाचता येत नाही त्यांना शाळेतल्या मुलांनी वाचून दाखवावं.

बुद्धगयेला गेल्यावर आणखी एक गोष्ट समजून घ्यायची. अनागारिक धम्मपालांनी १८९१ साली महाबोधी सोसायटी स्थापन केली ती या विहारासाठी. १९४९ च्या कायद्यानं तिथं जी समिती नेमली तीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. विहार पूर्णपणे बौद्धांच्या हाती द्यावं म्हणून १९९२ पासून भदन्त सुरई ससाई यांच्या नेतृत्वाखाली आंदोलनं झाली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत भिक्खूंनी तिथं पुन्हा उपोषण सुरू केलं. आपण तिथं जाऊन नुसते फोटो काढून आलो तर या सगळ्याशी आपला संबंध काय राहिला? पाहिलं ते वहीत लिहावं आणि परत आल्यावर विहारात सांगावं.

ज्यांना पंधरा दिवसांची मजुरी बुडवणं शक्य नाही, त्यांनी मन लहान करू नये. त्यांच्यासाठी धाकट्या सहली आहेत. परभणीहून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपलं औरंगाबाद, सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. तिथली बौद्ध लेणी आणि बाबासाहेबांनी १९५० साली उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय पाहावं. एक मुक्काम वाढवला तर वेरूळ. तिथली पहिली बारा लेणी बौद्ध आहेत. दोन मुक्काम केले तर अजिंठाही. फक्त सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं. सांचीसाठी सचखंड एक्सप्रेस परभणीहून थेट भोपाळला नेते, चार दिवसांत सगळं होतं. आमची सूचना अशी की पहिल्या वर्षी वेरूळ-अजिंठा, दुसऱ्या वर्षी सांची, आणि तिसऱ्या वर्षी मोठी सहल. लहान सहलीत मोजदाद, हिशेब, फॉर्म यांचा सराव होतो. शिवाय दोन वर्षं माणूस पैसे साठवत राहतो.

बांधवांनो, १९३४ साली वेरूळला निघालेल्या तीस माणसांनी वाटेत शक्य तोवर आपली ओळख सांगायची नाही असं ठरवलं होतं. आपण निघू तेव्हा स्टेशनावर निळा झेंडा आणि पंचशील ध्वज घेऊन उभे राहू, आरक्षणाच्या यादीत आपली नावं छापलेली असतील, आणि वाराणसीच्या स्टेशनावर नळाचं पाणी कुणाला न विचारता पिऊ. हा फरक कुणाच्या मेहेरबानीनं झालेला नाही. त्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं, त्यांनी पाहिलेली स्थळं आपल्या आई-आजीला दाखवणं आपल्याकडून राहू नये.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर ज्यांना यायचं आहे त्यांनी थांबावं. नावं लिहायला वही ठेवली आहे. सर्वांत आधी साठीच्या पुढच्यांची नावं घेऊ. 

जयभीम! नमो बुद्धाय!